पुन्हा वाचू नका, आठवा: स्पर्धा परीक्षेचे एक प्रकरण पक्के करण्याचा क्रम

राज्यसेवेची, तलाठी भरतीची किंवा बँकेची तयारी करणाऱ्यांकडून एक तक्रार सतत ऐकू येते : वाचताना सगळे कळते, पेपरात आठवत नाही. मग उपाय म्हणून तेच पुस्तक तिसऱ्यांदा, चौथ्यांदा काढले जाते. प्रत्येक वेळी मजकूर जास्त ओळखीचा वाटतो, म्हणून प्रगती होतेय असे वाटते. पेपर झाला की पुन्हा तीच तक्रार.

मेहनत कमी पडत नाही, मेहनतीची जागा चुकते. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. इतरांनी तो एकदा वाचला आणि दुसऱ्या खेपेला न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटले. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के.

फसगत होते ती इथेच. अभ्यास कसा झाला हे आपण पुस्तक मिटल्यावर पाच मिनिटांत ठरवतो आणि परीक्षा येते काही महिन्यांनी. पाच मिनिटांच्या कसोटीवर वाचनच जिंकते, म्हणून माणूस वाचतच राहतो. खालचा क्रम महिन्यांनंतरच्या कसोटीसाठी आहे. उदाहरणासाठी महाराष्ट्रातील नद्यांचे प्रकरण घेतले आहे. राज्यघटना, इतिहास, अर्थशास्त्र यांनाही तो तसाच लागू पडतो. गणिताचा मात्र वेगळा टप्पा आहे.

आधी तयारी

पुस्तक उघडण्यापूर्वी या गोष्टी हाताशी हव्यात :

- प्रत्येक विषयाचे एकच मुख्य पुस्तक. एकाच प्रकरणासाठी तीन पुस्तके आणि दोन क्लासच्या नोट्स असतील तर उजळणी कधीच पुरी होत नाही.
- त्या प्रकरणावर मागच्या वर्षांत आलेले प्रश्न, एकत्र काढून ठेवलेले.
- पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा, एक निळे किंवा काळे पेन आणि एक लाल पेन.
- प्रश्नांसाठी वेगळी वही आणि तारखा मांडायला एक साधे कॅलेंडर.

प्रकरणाचे तुकडे पाडा. एक तुकडा आठ ते बारा पानांचा, साधारण पाऊण तासात वाचून होईल एवढा. ‘आज भूगोल’ हा तुकडा होत नाही. ‘आज गोदावरी खोरे आणि तापी-पूर्णा खोरे’ हा होतो. एका वेळी मनात धरता येणाऱ्या नव्या गोष्टी फार थोड्या असतात. सलग चाळीस पाने वाचली की मागची बांधली जाण्याआधीच पुढची येऊन बसतात.

> सावधान : मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवणे पुरेसे नाही. तो दुसऱ्या खोलीत किंवा अभ्यासिकेच्या लॉकरमध्ये ठेवा. पुढच्या टप्प्यात आठवायला त्रास होईल, आणि नेमका तेव्हाच हात मोबाइलकडे जातो.

टप्पा १ : आधी प्रश्न, मग एकच वाचन

वाचायला सुरुवात करण्यापूर्वी दहा मिनिटे त्या तुकड्यावरचे जुने प्रश्न सोडवायचा प्रयत्न करा. उत्तरे येणार नाहीत. येण्याची अपेक्षाही नाही. पण ‘प्राणहिता नदी कोणत्या दोन नद्यांच्या संगमातून तयार होते?’ या प्रश्नाशी झटापट झालेली असेल, तर वाचताना वर्धा आणि वैनगंगा ही नावे नजरेतून सुटत नाहीत. उत्तर चुकले तरी चालते, फक्त लगेच नंतर खरे उत्तर वाचनात आले पाहिजे.

आता एकदाच, सावकाश वाचा. हायलायटर बाजूला. नोट्सही आत्ता नकोत.

हे बहुतेकांना पटत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा लोकप्रिय पद्धतींवरचे तोवरचे संशोधन तपासले. अधोरेखन, पुन्हा वाचन आणि सारांश काढणे या तिन्ही पद्धती कमी उपयोगाच्या गटात गेल्या. वरच्या गटात दोनच टिकल्या : स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास वेगवेगळ्या दिवसांवर पसरवणे. उघड्या पुस्तकातून वहीत उतरवलेल्या सुबक, चाररंगी नोट्स बनवताना डोळा आणि हात काम करतात. आठवणीला काहीच काम नसते.

वाचताना एवढेच करा. प्रत्येक उपशीर्षकापाशी थांबून ‘असे का?’ विचारा. गोदावरी पूर्वेकडे वाहते आणि तापी पश्चिमेकडे, असे का? दख्खनचे पठार पूर्वेकडे उतरते, म्हणून गोदावरी पूर्वेला जाते. तापी सातपुड्याच्या दक्षिणेच्या खचदरीतून वाहते, म्हणून पश्चिमेला. कोकणातल्या नद्या आखूड आणि वेगवान का? सह्याद्री आणि समुद्र यांत अंतर कमी आणि उतार तीव्र. कारण एकदा बसले की त्याला टांगलेल्या पाच-सहा गोष्टी सुट्या पाठ कराव्या लागत नाहीत.

टप्पा २ : पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या

संपूर्ण पद्धतीचा कणा हा आहे, आणि सगळ्यात जास्त टाळलाही हाच जातो.

वाचन संपल्यावर पाच-दहा मिनिटे उठून या. पाणी प्या, चहा घ्या. मग पुस्तक दप्तरात टाका (शेजारी मिटून ठेवलेले पुस्तक हळूच उघडले जाते) आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते सगळे निळ्या पेनाने लिहा. वाक्ये पूर्ण नकोत, अक्षर चांगले नको, क्रमही पुस्तकाचा नको. नद्यांसाठी आधी महाराष्ट्राची ओबडधोबड सीमारेषा काढा, सह्याद्रीची रेघ ओढा आणि उगमापासून नद्या सोडत चला : त्र्यंबकेश्वरहून गोदावरी, भीमाशंकरहून भीमा, महाबळेश्वरहून कृष्णा. मग उपनद्या, मग संगमाची गावे. कऱ्हाडला कृष्णेला कोण मिळते? नृसिंहवाडीला कोण?

पाच मिनिटांत पेन थांबेल. इथे उठू नका. पुढची पाच-सात मिनिटे, ज्यांत ‘आत्ताच तर वाचलं होतं’ अशी चिडचिड होते, तीच सगळ्यात मोलाची असतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्योर्क यांनी अशा त्रासाला हवीशी वाटावी अशी अडचण मानले आहे : आठवण वर काढायला जितके बळ लागते, तितकी ती पुढच्या वेळी लवकर सापडते. मात्र एकाच नावावर दहा मिनिटे अडून बसण्यात अर्थ नाही. मिनिटभर प्रयत्न करा, जागा मोकळी सोडा, पुढे चला.

मग पुस्तक उघडा आणि लाल पेनाने तीन गोष्टी करा. राहिलेले भरा. चुकलेले खोडून बरोबर लिहा. अंदाजाने लिहिलेले पण बरोबर निघालेले असेल, त्याखाली रेघ ओढा. ही दुरुस्ती त्याच बैठकीत व्हायला हवी. चुकीचे उत्तर दुरुस्तीविना राहिले, तर पुढच्या वेळी तेच आठवते, आणि तेही आत्मविश्वासाने.

हा लाल-निळा कागद म्हणजेच तुमच्या नोट्स. त्यावर तारीख टाकून फाइलमध्ये लावा.

> तपासून पाहा : कागदावर लाल शाई निम्म्याहून जास्त असेल तर घाबरू नका, पहिल्या खेपेला असेच होते. फक्त लाल भाग पुन्हा वाचा आणि तेवढ्यासाठी नवा कागद घ्या. लाल जवळपास नसेलच, तर तुम्ही वाचून लगेच लिहायला बसलात किंवा तुकडा फार लहान घेतलात. खरी कसोटी उद्या होईल.

टप्पा ३ : लाल शाईतून प्रश्न बनवा

सगळ्या प्रकरणाचे प्रश्न बनवू नका. जे लाल झाले आणि ज्याखाली रेघ आली, त्याचेच बनवा. वहीच्या पानावर मध्ये उभी घडी घाला. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर. पान घडीवर दुमडले की उत्तर झाकले जाते.

प्रश्न नीट बनला नाही तर पुढचे सगळे वाया जाते. काही नमुने पाहा.

*‘गोदावरी नदीविषयी माहिती लिहा.’* फार मोठा. अर्धे आठवले तर बरोबर धरायचे की चूक, हे कळत नाही.

*‘गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वरला होतो ना?’* उत्तर प्रश्नातच आहे. डोके हलवणे म्हणजे आठवणे नव्हे.

*‘वर्धा आणि वैनगंगा यांचा एकत्र प्रवाह कोणत्या नावाने ओळखला जातो?’* हा चांगला. उत्तर एकच, आणि ते स्वतःच शोधावे लागते.

*‘तापी आणि पूर्णा यांचा संगम कुठे होतो?’* हाही चांगला. उत्तर चांगदेव, जळगाव जिल्हा.

*‘मांजरा नदी बीड जिल्ह्यात उगम पावते, तरी भीमेला न मिळता गोदावरीला का मिळते?’* यासाठी नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागतो. अशा ‘का’ प्रश्नांची भर जाणीवपूर्वक घाला. वर्णनात्मक मुख्य परीक्षेला तेच उपयोगी पडतात, आणि बहुपर्यायी पेपरात विधाने दिलेल्या प्रश्नांतही.

राज्यघटनेसाठी प्रश्न दोन्ही दिशांनी बनवा. ‘७३वी घटनादुरुस्ती केव्हा अमलात आली?’ (२४ एप्रिल १९९३) आणि उलट ‘२४ एप्रिल १९९३ पासून काय अमलात आले?’ एका दिशेने पाठ असलेली जोडी दुसऱ्या दिशेने आपोआप येत नाही.

एका तुकड्याचे दहा ते पंधरा प्रश्न पुरेत. चाळीस झाले तर उजळणीच्या दिवशी वही उघडावीशी वाटणार नाही. दुसऱ्याने बनवलेली तयार प्रश्नावली विकत घेण्याचा मोहही टाळा. तुमचे लाल तुमच्या कागदावर आहे, त्यांच्या पुस्तकात नाही.

टप्पा ४ : तारखा लावा

प्रश्न बनले की लगेच कॅलेंडरवर उजळणीच्या तारखा टाका. ‘वेळ मिळेल तेव्हा’ या दिवशी कुणाचीच उजळणी झालेली नाही.

अंतर किती ठेवायचे? निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ साली १,३५० हून अधिक लोकांवर केलेला अभ्यास इथे वाट दाखवतो. लोकांनी काही माहिती शिकली, ठरावीक दिवसांनी एकदाच तिची उजळणी केली आणि त्यानंतर काही काळाने चाचणी दिली. चाचणी उजळणीनंतर ७ दिवसांनी असेल तर १ दिवसाचे अंतर सर्वांत फायद्याचे ठरले. चाचणी ३५ दिवसांनी असेल तर ११ दिवसांचे, आणि ७० किंवा ३५० दिवसांनी असेल तर २१ दिवसांचे. म्हणजे परीक्षा जितकी दूर, तितके अंतर मोठे.

आपण एकदा नाही, अनेकदा उजळणी करणार आहोत. म्हणून चार-पाच महिन्यांनी परीक्षा असेल तर मी हा क्रम सुचवते :

1. दुसऱ्या दिवशी
2. चौथ्या-पाचव्या दिवशी
3. साधारण बाराव्या दिवशी
4. महिन्याने
5. दोन महिन्यांनी

हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. एखादा दिवस पुढेमागे झाला तर काही बिघडत नाही. बिघडते ते पाचही उजळण्या एकाच आठवड्यात उरकल्याने.

उजळणीच्या दिवशी पुस्तक उघडायचे नाही. घडी घातलेले पान, मनात किंवा कागदावर उत्तर, मग तपासणी. बरोबर आले तर पुढच्या तारखेला. चुकले तर प्रश्नापुढे टिंब द्या आणि तो एकच प्रश्न उद्याच्या यादीत टाका. तीन टिंबे झाली की समजा, प्रश्नात किंवा समजुतीत काहीतरी चूक आहे; मूळ परिच्छेद वाचून प्रश्न नव्याने लिहा. महिन्याच्या उजळणीला आणखी एकदा कोरा कागद घ्या, कारण सुटे प्रश्न पाठ होऊनही प्रकरणाचा एकसंध नकाशा डोळ्यांसमोरून गेलेला असू शकतो.

> सावधान : प्रश्न एकदा बरोबर आला म्हणून यादीतून काढू नका. कार्पिकी आणि रोडिगर यांच्याच २००८ सालच्या प्रयोगात विद्यार्थी स्वाहिली शब्दांचे अर्थ शिकत होते. एकदा बरोबर आलेले शब्दही पुन्हा पुन्हा विचारत राहिले, त्यांना आठवड्याने सुमारे ८० टक्के शब्द आठवले. एकदा जमल्यावर विचारणे थांबवले, त्यांना निम्म्याहून कमी.

दिवसाची वाटणी करताना आधी उजळणी, मग नवा तुकडा. उलट केले की नवा भाग सगळा दिवस खातो आणि उजळणी रात्री अकरावर ढकलली जाते.

टप्पा ५ : गणित आणि बुद्धिमत्ता मिसळून सोडवा

सोमवारी नफा-तोटा, मंगळवारी काळ-काम-वेग, बुधवारी चक्रवाढ व्याज, असे वेळापत्रक जवळपास सगळ्यांचे असते. एका दिवशी एकाच प्रकारची पन्नास गणिते सोडवली की शेवटची चाळीस पटापट सुटतात, कारण कोणते सूत्र लावायचे हे वेळापत्रकानेच सांगितलेले असते. पेपरात ते सांगायला कुणी नसते. गणित कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखणे हीच तिथली निम्मी लढाई असते, आणि तिचा सराव झालेलाच नसतो.

डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली हेच तपासले. घनाकृतींचे घनफळ काढण्याची गणिते काहींनी एकेक प्रकार संपवत सोडवली, काहींनी मिसळून. सरावात एकेक प्रकार संपवणारे ८९ टक्के बरोबर, मिसळणारे ६० टक्के. आठवड्यानंतर मिसळणारे ६३ टक्क्यांवर होते, दुसरे २० टक्क्यांवर आले.

क्रम असा ठेवा. नवा प्रकार शिकताना आधी चार-पाच सोडवलेली उदाहरणे पायरीपायरीने समजून घ्या, मग त्याच प्रकारची सहा-सात स्वतः सोडवा. इथपर्यंत मिसळ नको. जे येतच नाही ते मिसळून फक्त गोंधळ वाढतो. दुसऱ्या दिवसापासून मात्र तो प्रकार जुन्या पाच-सहा प्रकारांत टाका आणि वीस गणितांचा मिश्र संच सोडवा. प्रत्येक गणिताआधी समासात दोन शब्दांत लिहा : कोणता प्रकार, कशावरून.

मिश्र संचात गुण घसरतील आणि आपण मागे जातोय असे वाटेल. दोन आठवडे तरी या भावनेवर निर्णय घेऊ नका.

टप्पा ६ : सराव पेपर आणि त्याची चिरफाड

टेस्ट सिरीज लावली जाते, गुण बघितले जातात, स्टेटसवर टाकले जातात आणि पेपर कपाटात जातो. पेपर सोडवायला दोन तास लागत असतील तर त्याच्या तपासणीला निदान तेवढेच द्या.

सोडवतानाच प्रत्येक उत्तरापुढे खूण करा : पक्के असेल तर ‘प’, दोन पर्यायांत अडकलात तर ‘दो’, निव्वळ अंदाज असेल तर ‘अं’. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्नांना २०० गुण असतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण, म्हणजे अर्धा गुण जातो. कुठे धोका पत्करायचा हे पेपरच्या दिवशी ठरवायचे नसते. सात-आठ सराव पेपरांतल्या तुमच्या ‘दो’ आणि ‘अं’ उत्तरांपैकी किती बरोबर आली, हे मोजून आधीच ठरवायचे असते.

तपासताना सर्वांत आधी ‘प’ खूण असलेली चुकीची उत्तरे काढा. खात्रीने केलेली चूक लक्षात आली की माणूस चमकतो आणि खरे उत्तर लक्षातही चांगले राहते. पण आठवड्याभराने जुनी चूक परत डोके वर काढू शकते. म्हणून हे प्रश्न टप्पा ३ च्या वहीत जातात आणि त्यांना टप्पा ४ च्या तारखा लागतात. बाकीच्या चुकांपुढे कारण लिहा : वाचलेच नव्हते, वाचले होते पण आठवले नाही, की प्रश्न नीट वाचला नाही. ‘सिली मिस्टेक’ असे लिहून पान उलटू नका. ‘अयोग्य विधान ओळखा’ हे वाचताना सुटले, असे नेमके लिहा.

> तपासून पाहा : ‘आठवले नाही’ हे कारण सर्वांत जास्त वेळा येत असेल तर नवे पुस्तक घेण्याची गरज नाही, तारखा पाळल्या जात नाहीत. ‘वाचलेच नव्हते’ जास्त असेल तर अभ्यासक्रमाची यादी पुन्हा समोर घ्या.

नेहमी अडणाऱ्या काही गोष्टी

*‘मी व्हिज्युअल लर्नर आहे, मला व्हिडिओच लागतो.’* प्रत्येकाची शिकण्याची ठरावीक शैली असते आणि तिच्यानुसार शिकवले तर जास्त शिकले जाते, याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. व्हिडिओ जरूर पाहा. संपल्यावर कोरा कागद घ्या. नद्यांना नकाशा लागतो तो सगळ्यांनाच लागतो.

*गट अभ्यास.* एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे असेल तर एकट्याने बसलेले बरे. वह्यांची अदलाबदल करून एकमेकांना प्रश्न विचारा.

*रात्रीची जागरणे.* दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते. नवा तुकडा झाल्यावर तीन तास झोप कापणे म्हणजे केलेले काम अर्धवट सोडणे.

शेवटचे पंधरा दिवस, आणि परीक्षा पुढे गेली तर

शेवटच्या पंधरा दिवसांत नवे काही नाही. रोज एका विषयाचे कोरे कागद, टिंबे पडलेले प्रश्न, एक दिवसाआड पूर्ण पेपर, तोही परीक्षेच्याच वेळेत. आदल्या दिवशी फक्त ‘प’ खुणेच्या चुकांची यादी वाचा आणि वेळेवर झोपा.

आपल्याकडे परीक्षेची तारीख बदलणे नवीन नाही. पुढे ढकलल्याची बातमी आली की बहुतेक जण आठवडाभर वही मिटतात आणि मग पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला लागतात. तसे करू नका. नवी तारीख कळेपर्यंत नवे तुकडे थांबवा, पण उजळणीची यादी रोज चालू ठेवा. तिला तासाभराहून जास्त वेळ लागणार नाही. तारीख जाहीर झाली की ज्या प्रश्नांवर टिंब नाही त्यांची पुढची उजळणी महिनाभर पुढे टाका, टिंब असलेल्यांच्या तारखा आहेत तशाच राहू द्या, आणि मोकळ्या झालेल्या वेळात आधी वगळलेले तुकडे टप्पा १ पासून घ्या.